वाचनालयाच्या व्याख्यानमालेत ऐकलेला गाइसब्रेख्त फान आम्स्टेल: १२० रुपयांत चार संध्याकाळी, माझा रिव्ह्यू

पहिले कामाचं सांगून टाकते. आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयानं दिवाळीनंतर जी व्याख्यानमाला घेतली तिचा हा रिव्ह्यू आहे. विषय होता गाइसब्रेख्त फान आम्स्टेल, तेराव्या शतकातला हॉलंडकडचा एक सरदार, कसा वर आला अन् कसा मातीत गेला. चार शनिवार, संध्याकाळी साडेसहा ते आठ, फी १२० रुपये, कॉलेजच्या पोरापोरींना ५०, पुस्तिका पाहिजे असली तर ४० रुपये वेगळे. माझे पाचपैकी चार स्टार. एक काहून कापला ते खाली येईलच, पण जायचं का नाही एवढंच विचारत असाल तर जा, हीच माला ते उन्हाळ्यात परत घेणार आहेत असं काउंटरवर सांगितलं.

आमचं खेडं गाविलगडाच्या पायथ्याकडच्या भागात, संत्रा अन् कपाशीचं गाव. दिवाळीनंतर वेचणी जोरात असते, हरभऱ्याला पाणी द्यायचं असते, त्यात मोटरीची लाइन रातची, म्हणून शनिवारची संध्याकाळ काढणं सोपं नसते हे खेड्यातल्या बाईला सांगायची गरज नाही. मी अन् माझी जाऊ दोघी जात होतो. हॉल वरच्या मजल्यावर, खुर्च्या प्लास्टिकच्या पण भरपूर, बायकांसाठी पुढच्या दोन रांगा ठेवलेल्या, माइक चांगला, इन्व्हर्टर असल्यामुळे लाइन गेली तरी आवाज बंद पडला नाही. मध्यंतरात चहा, तो फीमध्येच. पोहे पहिल्या दिवशी होते, नंतर बंद झाले, त्याचं काही नाही.

सांगणारे सर म्हणजे रिटायर झालेले इतिहासाचे मास्तर. नाव लिहीत नाही, त्यांना विचारलं नाही म्हणून. त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट ही की त्यांनी सुरुवात राजा-तलवार-घोडा इथून केलीच नाही, मातीपासून केली. आम्स्टेल ही नदी, तिच्या दोन्ही बाजूंनी दलदल, शेकडो वर्षं कुजलेल्या झाडपाल्याची जाड थराची जमीन, त्यात चर खोदून पाणी काढायचं अन् शेत करायचं. जे लोक ही जमीन मोडायला आले ते बऱ्यापैकी मोकळे शेतकरी, थोडासा सारा भरायचा अन् आपली पट्टी आपण कसायची. पण अशा जमिनीतलं पाणी काढलं की ती वाळते, आकसते अन् खाली बसत जाते, मग पाणी पुन्हा वर चढते, मग बांध घालावे लागतात, अन् बांध एकट्या घराचं काम नाही, त्याला गाव लागते, हिशोब लागतो, कोणी तरी हुकूम देणारा लागतो. तो हुकूम देणारा म्हणजे आम्स्टेल घराणं. हे ऐकल्यावर मागं बसलेल्या सगळ्या कास्तकारांच्या माना वर झाल्या, पाणी अन् जमीन म्हटलं की आमच्याकडे कोणी झोपत नाही.

हे घराणं मुळात मोठ्या कुळातलं नव्हतंच. उट्रेख्त शहराचा जो बिशप, म्हणजे धर्मगुरू पण असा धर्मगुरू की ज्याच्याकडे मुलूख, फौज, वसुली सगळं आहे, त्याचे हे बांधलेले सेवक, त्याच्या नावानं आम्स्टेलच्या भागाचा कारभार पाहणारे. बाराव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांची नोंद सापडते. कारभार बापाकडून पोराकडे, पोराकडून नातवाकडे गेला अन् चाकरीची वतनदारी झाली. दुसऱ्या बाजूनं हॉलंडचा काउंट, म्हणजे त्या मुलखाचा पिढीजात सत्ताधीश, तोही त्याच भागावर डोळा ठेवून. म्हणजे वर दोन मालक अन् मधात हे. सरांनी इथं आपल्याकडची दोअमली आणली, वऱ्हाडात निजाम अन् नागपूरकर भोसले दोघांचा अंमल एकाच गावावर, दोघांची माणसं वसुलीला येणार, अन् हे १८०३ च्या देवगावच्या तहात भोसल्यांनी वऱ्हाड सोडलं तेव्हा कुठं मिटलं. दोन साहेब असले की मधातल्या देशमुखाचे हाल होतात असं आपण धरून चालतो, पण तो हुशार असला तर दोघांच्या मधातल्या फटीतच तो मोठा होतो, गाइसब्रेख्त असाच मोठा झाला असं सर म्हणाले, अन् पूर्ण माला ह्या एका गोष्टीवर उभी होती. मला हे फार आवडलं, कारण त्यामुळे पुढची सगळी नावं अन् लढाया कशाच्या तरी खुंटीला टांगल्या गेल्या.

ह्या नावाचे त्या घरात एकामागं एक होऊन गेले, आपला तो चौथा. जन्म १२३५ च्या आसपासचा धरतात. त्याच्या उमेदीच्या काळात उट्रेख्तचा बिशप यान फान नास्साउ, १२६७ मध्ये निवडून आला पण त्याचा अभिषेक कधी झालाच नाही, कारभार ढिला अन् डोक्यावर कर्ज. आता फेख्त नदीवर व्रेलँड नावाचा किल्ला होता, तो आधीच्या बिशपनं १२५० च्या दशकात बांधला होता, कशासाठी तर ह्याच आम्स्टेलवाल्यांना वचक बसावा म्हणून. अन् पैशाची तंगी आली तेव्हा यान बिशपनं तोच किल्ला गहाण टाकला गाइसब्रेख्तकडे! ज्याच्यासाठी कुलूप केलं त्याच्याच हातात किल्ली. दुसरा एक किल्ला, मॉन्टफोर्ट, तो त्याच्या सोयरिकीतल्या हेर्मान फान वूर्डनकडे गहाण पडला. किल्ला हातात आल्यावर गाइसब्रेख्त तिथून नदीवरच्या होड्यांचा टोल घ्यायला लागला, उट्रेख्तला जाणारा माल त्याच्या दारातून जाणार, म्हणजे पैसा रोज दारात.

इथं आमच्या बाजूच्या गावचे एक म्हातारे बाबाजी उठले अन् म्हणाले, "मंग सोडवलं काय बिशपनं गहाण?" सर म्हणाले, सोडवायला पैसे कुठले होते. बाबाजी म्हणाले, "तं मंग थो किल्ला त्याचाच झाला ना बाप्पा, कागदावर कोनाचा बी असो." सर दोन मिनिटं थांबले अन् म्हणाले की बरोबर आहे, बिशपचंही तेच झालं, मुलूख त्याच्या नावावर अन् सत्ता दुसऱ्याच्या हातात. असं बोलणं चालू देणारा मास्तर मी शाळेत पाहिला नव्हता. कोणी विचारलं की ते थांबतात, खोट्या घाईत नसतात.

१२७४ चं जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकलं. केनेमरलँड म्हणजे समुद्राकडचा पट्टा, तिथले शेतकरी सरदारांच्या विरोधात उठले, गढ्या जाळत पुढं निघाले, अन् गाइसब्रेख्त त्यांच्याबरोबर गेला, त्यांचा म्होरक्या झाला. मनानं गेला, का आपली गढी वाचवायला गेला, का शेतकऱ्यांचा लोंढा आपल्या दुश्मनांवर वळवायला गेला, ह्याच्यावर अभ्यासकांत एकमत नाही. ते लोक उट्रेख्तला पोचले तेव्हा शहरातल्या कारागिरांच्या संघांनी जुन्या कारभाऱ्यांना हाकलून कारभार हातात घेतला. सरांनी तिन्ही शक्यता मांडल्या अन् पुढं गेले, आपलं मत लादलं नाही. माझी जाऊ घरी येताना म्हणाली, "सरदार मानूस कास्तकाराच्या मोर्चात जाते तं त्याच्या पोटात काई तरी असतेच." माझंही तसंच मत आहे.

दुसऱ्या शनिवारचा कागद ही पूर्ण मालेतली सगळ्यात भारी गोष्ट. पडद्यावर एका जुन्या चामडी कागदाचा फोटो दाखवला, २७ ऑक्टोबर १२७५ चा. हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस, तेव्हा वय फक्त २१, त्यानं आम्स्टेल नदीवरच्या बांधाजवळ राहणाऱ्या लोकांना टोलमाफी दिली, आपला माल घेऊन ते हॉलंडभर फिरू शकतात, टोल लागणार नाही, त्यांचं जे नुकसान झालं त्याच्या भरपाईत. आम्स्टरडॅम हे नाव लिहिलेलं सापडते ते पहिल्यांदा ह्या कागदात. तोच कागद धरून त्या शहरानं २०२५ मध्ये आपली ७५० वर्षं साजरी केली. एवढं तर कोणीही गुगल करून सांगेल. सरांनी विचारलं ते वेगळं, की बांध कोणाच्या हद्दीत? आम्स्टेलवाल्याच्या. लोक कोणाचे? त्याचेच. मग माफी काउंटनं काहून दिली? म्हणजे मधातल्या सरदाराला बाजूला सारून काउंट सरळ त्याच्या रयतेशी बोलला. एक गोळी सुटली नाही, एक घोडा पळाला नाही, अन् गाइसब्रेख्तच्या पायाखालची जमीन सरकायला तिथून सुरुवात झाली. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. ह्या अर्ध्या तासासाठी मी १२० काय, दुप्पट दिले असते.

आता हा फ्लोरिस कोण तेही थोडं पाहा, कारण त्याच्याशिवाय ही कथा चालत नाही. १२५४ चा जन्म, बाप विल्यम हा जर्मन मुलखाचा निवडलेला राजा, तो १२५६ च्या जानेवारीत वेस्ट फ्रिसियावर चालून गेला, बर्फ फुटून घोडा अडकला अन् तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला मारलं. पोरगं तेव्हा दीड वर्षाचं. तेच पोरगं मोठं झाल्यावर १२८२ मध्ये बापाची हाडं शोधून घेऊन आलं अन् पुढं तो मुलूखही जिंकला. शेतकऱ्यांच्या बाजूनं उभा राहते म्हणून सरदार लोक त्याला हिणवून शेतकऱ्यांचा देव म्हणायचे, अन् शेतकऱ्यांनी ते मनापासून घेतलं.

१२८० मध्ये ह्या फ्लोरिसनं व्रेलँडला वेढा दिला. किल्ल्यात गाइसब्रेख्तचा भाऊ आर्नाउड. भावाला सोडवायला गाइसब्रेख्त बाहेरून आला, लूननजवळ लढाई झाली, फ्लोरिसच्या बाजूच्या झीलँडच्या माणसांनी त्याला हरवलं अन् धरलं. मग कैद, पाच वर्षं. बस्स, सरांनी हे पाच मिनिटांत आटोपलं. इथं मी नाराज आहे. मला लढाईची वर्णनं नको, पण भाऊ आत अन् हा बाहेर, किल्ला कसा पडला, कैदेत असताना वतन कोण पाहत होतं, एवढं तरी पाहिजे होतं, पुस्तिकेतही ते दोन ओळींतच आहे.

अन् माझी खरी तक्रार १२८५ ची आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गाइसब्रेख्त सुटला, पण कोणत्या अटींवर? व्रेलँड गेला, बराच मुलूख गेला, अन् जे उरलं ते इथून पुढं काउंटची मेहरबानी म्हणून, काउंटचा मांडलिक म्हणून धरायचं. म्हणजे वर दोन मालक होते ते आता एकच राहिला. ज्या फटीत हा माणूस मोठा झाला ती फट त्या दिवशी बुजली. सरांनी मालेच्या शेवटी "पतन" म्हणून १२९६ साल फळ्यावर लिहिलं. माझ्या मते पतन १२८५ चं आहे, १२९६ ला फक्त त्याची राख उडाली. कारण विचार करा, हा माणूस त्यानंतर अकरा वर्षं त्याच काउंटच्या जवळच्या लोकांत वावरला, त्याच्या पंगतीत बसला, त्याच्या कागदांवर साक्षीदार राहिला. ज्यानं आपला बांध, आपली रयत, आपला टोल घेतला त्याच्या शेजारी बसून जेवायचं, अकरा वर्षं. आमच्याकडे वावराची केस हरलेला माणूस जिंकणाऱ्याच्या बांधावरून रोज जाते, रामराम करते, हसते, अन् घरी आला की कोणाशी बोलत नाही, असे लोक मी पाहिलेले आहेत. त्या अकरा वर्षांवर एक पूर्ण शनिवार पाहिजे होता अन् मिळाली जेमतेम पंधरा मिनिटं. हे मी मध्यंतरात सरांना बोलून दाखवलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं, म्हणाले उन्हाळ्यात वेळेची वाटणी बदलून पाहतो. बदलली तर पाचवा स्टार माझ्याकडून.

चौथा शनिवार मात्र जमून आला. इथं कथा एकदम इंग्लंडच्या लोकरीवर जाते अन् तरी हातातून सुटत नाही. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड, त्याच्या देशातली लोकर फ्लँडर्स-हॉलंडकडे जायची, तिचा बाजार ज्या गावाला मिळेल त्याची चांदी. तो बाजार डोर्ड्रेख्तला होता, हॉलंडच्या गावाला, मग एडवर्डनं तो उचलून ब्राबंटच्या बाजूला मेखेलनला नेला. फ्लोरिस चिडला अन् १२९६ च्या जानेवारीत सरळ फ्रान्सच्या राजाकडे, म्हणजे एडवर्डच्या दुश्मनाकडे गेला. त्याचा पोरगा यान मात्र तेव्हा एडवर्डच्या दरबारात वाढत होता, एडवर्डच्याच पोरीशी लग्न ठरलेलं. म्हणजे बाप बाजूला झाला तर पोरगा हातात आहेच. कापसाचा भाव कुठं अन् कोण ठरवते हे ज्यांना रोज भोगावं लागते त्यांना हा भाग समजावून सांगावा लागला नाही. मागून एक पोट्टा फक्त एवढं म्हणाला, "भाव तिकडे फिरला अन् मुडदा इकडे पडला," सरांनी ते फळ्यावर लिहिलं.

जुने दुखावलेले सरदार एकत्र आले, गाइसब्रेख्त, हेर्मान फान वूर्डन, गेरार्ड फान फेल्सन. समेटाची बैठक म्हणून फ्लोरिसला उट्रेख्तला बोलावलं, जेवण झालं, अन् २३ जून १२९६ ला ससाण्यांची शिकार खेळू म्हणून बाहेर नेलं अन् तिथंच पकडलं. माउडनच्या किल्ल्यात ठेवलं. हा किल्ला फ्लोरिसनंच फेख्त नदीच्या मुखाशी बांधलेला, उट्रेख्तच्या व्यापाऱ्यांकडून टोल घ्यायला, स्वतःच्याच किल्ल्यात तो कैदी. बेत त्याला देशाबाहेर नेण्याचा होता, मारण्याचा नाही असं बहुतेक अभ्यासक धरतात. पण बातमी फुटली अन् आजूबाजूचे शेतकरी आपल्या काउंटला सोडवायला धावले. २७ जूनला हे लोक त्याला घोड्यावर बांधून दुसरीकडे नेत होते, समोरून शेतकरी आले, घाबरून गेरार्ड फान फेल्सननं तलवार चालवली. अंगावर वीसच्या वर जखमा. वय ४२.

फेल्सनच्या बायकोवर फ्लोरिसनं अत्याचार केला म्हणून त्यानं सूड घेतला अशी कथा तिकडे शेकडो वर्षं सांगतात. सरांनी स्पष्ट सांगितलं की ही दंतकथा, नंतर चिकटलेली, इतिहास म्हणून घेऊ नका. माझ्या जावेनं विचारलं की मग त्या बाईचं खरं काय होतं? सर म्हणाले, तिच्या बाजूनं काहीच लिहिलेलं नाही. मला हे उत्तर पटलं. मसाला टाकून सांगायची पूर्ण संधी होती अन् समोर पोरंसोरं बसलेली, टाळ्याही मिळाल्या असत्या, त्यांनी ते केलं नाही.

पुढचं झरझर सांगितलं अन् ते तसंच पाहिजे होतं. गेरार्ड फान फेल्सन क्रोनेनबुर्खच्या किल्ल्यात कोंडला गेला, सापडला, हाल करून मारला. गाइसब्रेख्त अन् हेर्मान पळाले, वतनं जप्त. आम्स्टेलचा मुलूख गेला हेनेगाउ घराण्यातल्या ग्वीडकडे, हाच पुढं उट्रेख्तचा बिशप झाला. ज्याच्या नावाला आम्स्टेल चिकटलं होतं तो परागंदा अवस्थेत गेला, १३०३ च्या सुमारास. १३०४ मध्ये त्याचा पोरगा यान परत आला, आम्स्टरडॅम शहरातल्या लोकांनी त्याला आत घेतलं, सुमारे वर्षभर शहर त्याच्या हातात राहिलं, मग तेही गेलं. अन् ज्या गावावरून एवढं झालं त्या गावानं तीनशे वर्षांनी, १६३८ मध्ये, आपलं पहिलं पक्कं नाट्यगृह उघडलं ते गाइसब्रेख्तवरच्या नाटकानं. तिथं तो हीरो आहे, चांगला, सोसणारा, शहरासाठी रडणारा.

नाटकातला हा माणूस वेगळा अन् बखरीतला वेगळा, हे सरांनी दोन कागद शेजारी ठेवून दाखवलं. त्या काळचं सगळ्यात जास्त ज्याच्यावरून कळते तो मेलिस स्टोके म्हणजे काउंटच्याच पदरी असलेला कारकून, त्यानं पद्यात बखर लिहिली. ज्याच्या पगारावर लिहिलं त्याच्या दुश्मनाबद्दल तो काय लिहिणार? म्हणून गाइसब्रेख्तचं वाईट जेवढं लिहिलेलं आहे त्यातलं प्रत्येक वाक्य तपासून घ्यावं लागते. हे मला माझ्या पोरीच्या अभ्यासासाठीही उपयोगी वाटलं, ती बारावीला आहे, तिला रेकॉर्डिंग ऐकवलं तर म्हणे आई आमच्या पुस्तकात सरंजामशाही एका चौकटीत संपवली आहे, इथं ती चालताना दिसते.

आता जे बरोबर नाही ते. पुस्तिका ४० रुपयांना महाग नाही पण छपाई घाईची आहे. एकच नाव एका पानावर गाइसब्रेख्त, दुसऱ्यावर गिज्ब्रेश्ट, तिसऱ्यावर आणखी काही, नवीन माणूस समजेल की हे तिघं वेगळे आहेत, त्यात घरातली चार पिढ्यांची नावं सारखी. वंशावळ टाकायलाच पाहिजे होती. नकाशा छापला आहे पण इतका काळा की नदी कोणती अन् रस्ता कोणता कळत नाही. पडद्यावरचा नकाशा सुंदर होता, तोच रंगीत झेरॉक्स करून दिला तरी लोक वरचे दहा रुपये देतील. प्रोजेक्टर जुना आहे, ट्यूबलाइट चालू असली की फिका दिसते, अन् ट्यूब बंद केली की वहीत लिहिता येत नाही.

बायकांच्या बाथरूमला पहिल्या दिवशी कुलूप होतं, किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नव्हतं. सांगितल्यावर पुढच्या वेळी उघडं होतं, साबणही ठेवला होता, म्हणून त्याचा स्टार कापला नाही, पण हे सांगायची वेळ येऊ नये. तिसऱ्या शनिवारी प्रश्नोत्तरात एका गृहस्थांनी प्रश्न न विचारता स्वतःचंच भाषण दिलं, अन् सरांनी त्यांना थांबवलं नाही, त्यामुळे कार्यक्रम लांबला अन् खेड्यावरच्या लोकांची शेवटची एसटी हुकायची वेळ आली, आम्हाला एका ओळखीच्या ऑटोवाल्यानं सोडलं. साडेसहाऐवजी सहाला सुरू करा, ही माझी विनंती आहे, तालुक्यातल्या लोकांना फरक पडत नाही पण आमच्यासारख्यांना पडते. हिवाळ्यात अंधार लवकर होते अन् आमच्या फाट्यावरून आत अडीच किलोमीटर पायी आहे, जंगल लागून आहे.

रेकॉर्डिंग व्हॉट्सअपवर पाठवतात, फी भरली की नंबर ग्रुपमध्ये घेतात. आवाज स्वच्छ आहे, पण एकेक फाइल मोठी, आमच्याकडे नेट एक दांडी असते तेव्हा उतरतच नाही. वीस-वीस मिनिटांचे तुकडे केले तर वेचणी करता करता ऐकता येईल. मी तसंच ऐकली, दुसऱ्या भागातला टोलमाफीचा कागद वावरात वेचणाऱ्या बायकांना मोबाइल मोठा करून ऐकवला, त्यातल्या एकीनं विचारलं की मग माफी मिळाल्यावर खरंच त्यायच्याकून कोनी पैसे घेतले नाई काय, का कागद कागदच राह्यला? हा प्रश्न मी ग्रुपवर टाकला आहे, सरांचं उत्तर यायचं आहे.

कोणी जावं? एमपीएससीची तयारी करणाऱ्यांनी मार्कांसाठी जाऊ नये, हा भाग पेपरात येईल असं वाटत नाही. शिक्षकांनी जावं. ज्यांच्या घरात जमिनीचा वाद चालू आहे त्यांनी जावं. डच लोकांबद्दल, बांधांबद्दल, पाण्याबद्दल उत्सुकता आहे त्यांनी पहिला शनिवार चुकवू नये, तोच पाया आहे, नंतर येणाऱ्यांना दोन मालकांची भानगड कळत नाही अन् ते बाजूच्याला विचारत बसतात. लहान पोरांना चौथ्या दिवशी आणू नका, खुनाचा भाग सर संयमानं सांगतात पण तरी आहे तो आहे.

नोंदणी वाचनालयाच्या काउंटरवर दुपारी चारनंतर, सोमवार बंद, पैसे रोख किंवा फोनवरून दोन्ही चालतात, पावती देतात, ती सांभाळून ठेवा कारण रेकॉर्डिंगचा ग्रुप पावती नंबरावर जोडतात. पुस्तिका घ्यायची असेल तर नवीन छपाईची वाट पाहा, काउंटरवरच्या ताईंनी सांगितलं की नावं दुरुस्त करून, वंशावळ टाकून परत छापणार आहेत. जुनी घेतलेल्यांना वंशावळीचं पान वेगळं फुकट मिळावं अशी मी अर्जात मागणी लिहून दिली आहे, तुम्ही घेतली असेल तर तुम्हीही लिहा.